पीज टीव्ही: खेडा जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या केंद्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीज केंद्र म्हणजे नेमके काय?

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, नडियाद तालुक्यात पीज नावाचे गाव आहे. १९७५ मध्ये इस्रोने तिथे १ किलोवॉटचा टीव्ही ट्रान्समीटर बसवला. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे 'सॅक'मध्ये, गुजरातीत कार्यक्रम तयार व्हायचे आणि पीजच्या मनोऱ्यावरून आसपासच्या गावांना दिसायचे. कागदोपत्री नाव 'खेडा कम्युनिकेशन्स प्रोजेक्ट' असे असले तरी ते 'पीज' म्हणूनच ओळखले गेले. केंद्र १९८५ मध्ये बंद झाले.

काळ लक्षात घेतला तर यातले वेगळेपण कळते. दिल्लीत टीव्ही १९५९ मध्ये आला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर श्रीनगर, अमृतसर, कलकत्ता, मद्रास, लखनौ. सगळी शहरेच. या यादीत एका खेड्याचे नाव येते आणि तिथला टीव्ही त्याच भागासाठी, तिथल्याच बोलीत बोलतो, हे तेव्हा देशात दुसरीकडे कुठे नव्हते. दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी २६ जानेवारी १९६७ पासून 'कृषि दर्शन' सुरू होते, पण ते दिल्ली केंद्राचाच एक भाग होते.

'साइट' प्रयोग आणि पीज एकच का?

नाही. दोन्हींची सुरुवात एकाच सुमाराला झाली म्हणून गल्लत होते. साइट हा उपग्रहाचा प्रयोग होता. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात आंध्र, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांना थेट कार्यक्रम दाखवले गेले. त्यासाठी गावात तीन मीटर व्यासाची जाळीची डिश लागे.

खेडा जिल्ह्यात डिश नव्हती. उपग्रहाचा सिग्नल अहमदाबादच्या भूकेंद्रावर उतरवून पीजहून पुन्हा सोडला जाई आणि गावातला साधा टीव्ही साध्या अँटेनावर तो पकडे. त्यात स्थानिक कार्यक्रमांची भर पडे. वर्ष संपल्यावर अमेरिकेने उपग्रह परत नेला आणि सहा राज्यांतल्या डिश रिकाम्या झाल्या. पीजला मात्र उपग्रहाची गरजच नव्हती, त्यामुळे ते चालू राहिले. आमच्या मते पीजचा खरा इतिहास ऑगस्ट १९७६ पासून सुरू होतो, कारण त्यानंतर संध्याकाळचे कार्यक्रम भरण्याचा भार मुख्यतः स्थानिक कार्यक्रमांवर आला.

१ किलोवॉटला 'लघुशक्ती' का म्हणतात? दूरदर्शनच्या यादीत तर तो उच्चशक्ती आहे.

बरोबर आहे, आणि जुनी कागदपत्रे वाचताना इथेच घोळ होतो. १९७५ मध्ये तुलना महानगरांतल्या मोठ्या ट्रान्समीटरांशी होती, त्यामुळे १ किलोवॉट लहान वाटे. पुढे १९८४ मध्ये दूरदर्शनने देशभर १०० वॉटचे छोटे ट्रान्समीटर झपाट्याने बसवले आणि 'एलपीटी' (लो पॉवर ट्रान्समीटर) हे नाव त्यांना चिकटले. नंतरच्या वर्गवारीत १ आणि १० किलोवॉट उच्चशक्ती, १०० ते ५०० वॉट लघुशक्ती आणि १० ते ५० वॉट अतिलघुशक्ती ठरले. म्हणून एकाच पीजला एका अहवालात 'लो पॉवर' म्हटलेले सापडेल आणि नंतरच्या तक्त्याच्या हिशेबाने ते उच्चशक्तीत बसेल.

एवढ्या शक्तीवर ३५ किलोमीटरपर्यंत चित्र कसे पोहोचायचे?

शक्तीपेक्षा उंची आणि सपाटी महत्त्वाची. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ जातात. क्षितिजाच्या पलीकडे गेल्या की झपाट्याने क्षीण होतात. अंतर काढायचे साधे सूत्र असे: मनोऱ्याच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ आणि घरच्या अँटेनाच्या उंचीचे वर्गमूळ यांची बेरीज करायची, तिला ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते.

गावातली अँटेना जमिनीपासून ६ मीटरवर धरली तर तिच्या वाट्याचे सुमारे १० किलोमीटर होतात. उरलेल्या २५ किलोमीटरसाठी मनोरा निदान ३६-३७ मीटर हवा. व्यवहारात झाडे, घरे आणि हवामानासाठी सैल हात ठेवावा लागतो, म्हणून त्याहून बराच उंच बांधतात.

यात चरोतरची, म्हणजे खेडा परिसराची, जमीन मदतीला आली. तंबाखू आणि केळीचा हा पट्टा जवळपास सपाट आहे. हाच ट्रान्समीटर सातारा जिल्ह्यात किंवा तळकोकणात ठेवला असता तर डोंगराआडची गावे कोरडीच राहिली असती. तिथे शक्ती वाढवून उपयोग होत नाही. १ चे १० किलोवॉट केले तर सिग्नल १० डेसिबलने वाढतो. मोकळ्या अवकाशात त्याने अंतर तिपटीहून थोडे अधिक वाढेल, पण डोंगर आणि क्षितिज मधे आले की तो हिशेब कागदावरच राहतो.

कार्यक्रम अहमदाबादहून पीजला कसा जायचा?

मायक्रोवेव्ह दुव्याने. स्टुडिओ आणि भूकेंद्र दोन्ही अहमदाबादेत, ट्रान्समीटर सुमारे ५० किलोमीटर दूर. एवढ्या टप्प्यात पृथ्वीचा फुगवटाच आड येतो: मध्यावर तो साधारण ३७ मीटर भरतो. त्यामुळे दोन्ही टोकांच्या डिश उंचावर असाव्या लागतात आणि लहरीच्या वाटेभोवती थोडी मोकळी जागाही सोडावी लागते. अशा दुव्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो हिवाळ्यातल्या शांत पहाटे आणि रात्री. जमिनीलगत थंड आणि वर ऊबदार हवेचा थर बसला की लहर वाकते आणि मिनिटभर सिग्नल बुडतो. पाऊस या लांबीवर आणि त्या काळच्या फ्रिक्वेन्सींवर तेवढा आड येत नाही.

गावात टीव्ही कोणाचे होते?

सार्वजनिक. चारशेहून अधिक गावांत मिळून सहाशेहून अधिक सामुदायिक संच होते. घरात टीव्ही असणे तेव्हा शहरातही अप्रूप होते.

संच बहुधा दूध सहकारी संस्थेच्या इमारतीत किंवा गावातल्या अशाच सार्वजनिक जागी असे. खेडा हा 'अमूल'चा जिल्हा. तिथे गावोगावी डेअरी होतीच, सकाळ-संध्याकाळ दूध घालायला माणसे येतच होती, इमारतीला वीज होती, कुलूप होते आणि जबाबदार धरता येईल असा सचिव होता. दुसऱ्या जिल्ह्यात हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी ट्रान्समीटरची नक्कल केली तरी ही डेअरी कुठून आणणार, हा प्रश्न त्यांना सुटला नसता.

जागेची निवड वरवर साधी दिसते, पण ती प्रेक्षकही ठरवते. रात्री बायका एखाद्या इमारतीत सहज येऊ शकतात का, दलित वस्तीतल्या लोकांना तिथे पुढे बसता येते का, यावर कार्यक्रम कोणी पाहिला हे ठरते. संच गावात आहे म्हणजे गावाने पाहिला असे धरून चालत नाही.

सामुदायिक संचात नेहमी काय बिघडायचे?

त्या काळच्या कृष्णधवल संचांचे आजार ठरलेले. खाली दिलेले खेडा जिल्ह्यालाच नव्हे, सगळीकडे लागू होतात.

विजेचा दाब हा पहिला शत्रू. संध्याकाळी शेतीचे पंप आणि दिवे एकदम सुरू झाले की २३० व्होल्टचे १७०-१८० होतात. आधी चित्र चारही बाजूंनी आकसते, मग अंधारते, मग आडव्या पट्ट्या पडून जुळणी तुटते. उपाय एकच, स्टॅबिलायझर. पण पंप बंद होताच दाब एकदम वर उसळतो आणि स्वस्तातला स्टॅबिलायझर सावरेपर्यंत फ्यूज जातो. त्यामुळे फ्यूजचा साठा जवळ ठेवणे आणि त्याच मापाची तार वापरणे ही संच सांभाळणाऱ्याची पहिली शिकवण. जाड तार घातली की फ्यूज वाचतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

चित्र खालून वर सरकत असेल तर बहुतेकदा दोष नसतोच. 'व्हर्टिकल होल्ड'ची कळ कोणीतरी फिरवलेली असते. दोनशे माणसांच्या खोलीत ती फिरवणारे हात पुष्कळ.

चित्रात मुंग्या दिसत असतील तर संच उघडण्याआधी छपरावर चढावे. अँटेना वाऱ्याने फिरलेली असते किंवा डायपोलच्या, म्हणजे लहर पकडणाऱ्या मुख्य नळीच्या, सांध्यावर गंज चढलेला असतो. सांधा घासून, नट आवळून, वर ग्रीस लावले की काम होते. तेव्हा सर्रास वापरली जाणारी ३०० ओहमची चपटी रिबन तार पावसात भिजली, तिच्यावर धूळ बसली की सिग्नल गिळते. ती लोखंडी खांबाला चिकटवून बांधली तरी तोच परिणाम. खांबापासून चार बोटे दूर, अंतराअंतरावर टेकू देऊन आणि मधूनमधून पीळ देऊन ती खाली आणावी लागते.

दुहेरी चित्र, म्हणजे 'भूत', दिसले तर जवळच्या पाण्याच्या टाकीवरून किंवा पत्र्याच्या छपरावरून लहर आपटून येते आहे. अँटेना थोडी थोडी फिरवून भूत सर्वांत फिकट होईल तिथे आवळायची. मूळ चित्र किंचित फिके पडले तरी चालते.

आणि उंदीर. उबेसाठी संचाच्या मागे शिरतात, तारा कुरतडतात. मागची जाळी फाटलेली असेल तर बाकीची दुरुस्ती फुकट. २४ इंची कृष्णधवल नळीला १८ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो, म्हणून मागचे झाकण गावात कोणी उघडू नये हा नियम असे.

अँटेना गावात बनवता यायची का?

यायची. डायपोलची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचे. भारतातल्या चौथ्या चॅनेलची चित्रलहर ६२.२५ मेगाहर्ट्झ, म्हणून २.३ मीटर. पाचव्या चॅनेलची १७५.२५, म्हणून सुमारे ८२ सेंटीमीटर. ॲल्युमिनियमची नळी, बेकलाइटचा ठोकळा आणि मागे साधारण पाच टक्के लांब परावर्तक. ३० किलोमीटरपलीकडे पुढे दोन-तीन दिशादर्शक कांड्या वाढवायच्या.

कार्यक्रम तयार करण्याची पद्धत काय होती?

सॅकमध्ये निर्माता आणि समाजशास्त्रज्ञ एकत्र बसत. हे त्या काळी नवे होते आणि आजही विरळाच.

आधी संशोधक गावात जाऊन विषयाबद्दल लोकांना काय ठाऊक आहे, काय वाटते, कोणते शब्द वापरतात ते टिपत. त्यावरून संहिता. कार्यक्रमाचा कच्चा भाग थोड्या प्रेक्षकांना दाखवून तपासला जाई. न कळलेले किंवा चुकीचे कळलेले पुन्हा चित्रित होई. प्रसारणानंतर पुन्हा गावात जाऊन प्रतिसाद घेतला जाई. एका ट्रान्समीटरच्या पल्ल्यात सगळी गावे असल्याने संशोधक सकाळी निघून रात्री परत येऊ शके. दिल्लीहून देशभर जाणाऱ्या कार्यक्रमाला हे शक्यच नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे हलकी व्हिडिओ यंत्रे. फिल्मवर चित्रण केले तर ती धुऊन येईपर्यंत थांबावे लागते. व्हिडिओ टेप जागेवरच उलटी फिरवून माणसाला स्वतःचे बोलणे दाखवता येते. गावकरीच पडद्यावर बोलू लागले, अभिनय करू लागले, तक्रार मांडू लागले. चित्राचा दर्जा स्टुडिओपेक्षा खाली असे. अभियंते कुरकुरत, पण प्रेक्षक कुरकुरत नसत.

कोणते कार्यक्रम गाजले?

'दाद फरियाद'मध्ये गावकऱ्याची तक्रार आणि संबंधित अधिकाऱ्याचे उत्तर, दोन्ही समोरासमोर येत. अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर तारीख द्यावी लागे. 'चतुर मोटा' या मालिकेत हुंडा आणि विधवाविवाह हे विषय होते, 'हूं ने मारा ए'मध्ये कुटुंबनियोजन. शिवाय शेती, पशुपालन, आरोग्य, प्रौढशिक्षण, किमान वेतन, अस्पृश्यता.

दूध आणि खतावरच्या कार्यक्रमांना कोणाचा विरोध नसतो. शेतमजुराला कायद्याने किती मजुरी मिळायला हवी हे त्याच गावात, मालकासमोर, पडद्यावर सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. मालक आणि मजूर एकाच खोलीत तो पाहतात. म्हणूनच पीजचे यश मोजताना निव्वळ प्रेक्षकसंख्या धरणे आम्हाला अपुरे वाटते.

जाहिराती होत्या का?

नव्हत्या. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आल्या. पीज विकासासाठी होते आणि खर्च सरकारी होता. याचा संबंध पुढे केंद्र बंद होण्याशी आहे.

महाराष्ट्राचा किंवा मराठी माणसांचा काही संबंध?

आहे. साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ चिटणीस हे कोल्हापूरला जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. विक्रम साराभाईंच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी ते एक आणि १९८१ ते १९८५ सॅकचे संचालक. म्हणजे पीजची शेवटची चार वर्षे त्यांच्या कारकिर्दीत येतात. त्यांच्याआधी ते पद प्रा. यशपाल यांच्याकडे होते. साइटच्या काळात मुलांसाठीचे विज्ञान कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार झाले. पुण्याच्या फिल्म संस्थेतून बाहेर पडलेले तरुणही या कामात होते. दिग्दर्शक केतन मेहता त्यांपैकी एक.

पुरस्कार मिळाला होता ना?

हो, युनेस्कोच्या आयपीडीसी या संवादविकासाच्या कार्यक्रमाचा ग्रामीण संवादासाठीचा.

मग बंद का पडले?

यंत्र बिघडले नव्हते, प्रेक्षक आटले नव्हते. तीन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली, दिशा बदलली. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर छोटे ट्रान्समीटर उभे राहिले. ते सगळे दिल्लीचा कार्यक्रम पुढे ढकलण्यासाठी होते. शक्ती कमी, पल्ला स्थानिक, पण आशय दिल्लीचा. पीज नेमके उलटे होते. शिवाय अहमदाबादचे मोठे प्रक्षेपण खेडा जिल्ह्यापर्यंत पोहोचू लागल्यावर 'त्या भागाला टीव्ही दिसतोच आहे' असे म्हणायला कागदावर जागा झाली. कोणता टीव्ही दिसतो, हा रकाना तक्त्यात नव्हता.

दुसरी, पैसा. जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाल्यावर प्रायोजक रांगेत उभे राहिले. त्याच सुमारास महानगरांत दुसरी वाहिनी आली, दिल्लीत सप्टेंबर १९८४ मध्ये आणि मुंबईत १९८५ मध्ये. पीजचा ट्रान्समीटर काढून मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी न्यायचे ठरले ते याच काळात. शहरी करमणुकीसाठी खेड्याचे यंत्र, एवढ्या सरळ शब्दांत तो निर्णय सांगता येतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पीजला मालक नव्हता. सॅक अवकाश विभागाचे, त्याचे काम प्रयोग करून दाखवणे. प्रसारणाचा अधिकार तेव्हा १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे केंद्र सरकारचा आणि व्यवहारात माहिती व नभोवाणी मंत्रालयाचा. जिल्हा परिषद, दूध संघ किंवा गुजरात सरकार यांपैकी कोणीही परवाना घेऊन केंद्र चालवू शकत नव्हते. 'प्रयोग संपला' असे म्हणताच ते पुढे नेण्याचा हक्क असलेला एकही स्थानिक हात उरला नाही.

गावकरी गप्प बसले?

नाही. यंत्र हलवायला त्यांनी विरोध केला. १९१८ चा सत्याग्रह पाहिलेल्या जिल्ह्यात ते नवलही नाही. निर्णय मात्र फिरला नाही.

महाराष्ट्रात असे केंद्र होते का?

पीजसारखे नव्हते. सिंहगडावरचे केंद्र मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दाखवण्यासाठी होते. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत आलेले एलपीटी उपग्रहावरून येणारा कार्यक्रम पुढे सोडत. त्यांत कॅमेरा किंवा स्टुडिओ नसे. एक डिश, एक रिसीव्हर, १०० वॉटचा ट्रान्समीटर, मनोरा आणि डिझेल जनरेटर एवढाच संसार. पल्ला साधारण १०-१५ किलोमीटर. प्रसार भारतीने हे ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले आणि शेवटचा मोठा टप्पा मार्च २०२२ पर्यंत उरकला. मोक्याच्या ठिकाणचे थोडे वगळले. आपल्या तालुक्यातला कधी बंद झाला हे हवे असेल तर प्रसार भारतीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात गावाचे नाव, ट्रान्समीटरची शक्ती, सुरू आणि बंद झाल्याची तारीख, यंत्रांची विल्हेवाट असे सुटे मुद्दे क्रमांक घालून लिहावेत. मोघम 'इतिहास द्यावा' म्हटले की मोघम उत्तर येते.

पीजचा अनुभव पुढे वापरला गेला का?

काही अंशी. १९८३ मध्ये इस्रोत 'डेकू' हा विकास आणि शैक्षणिक संवादाचा विभाग झाला. त्याने १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआत १५० गावांत उपग्रहावरून प्रकल्प राबवला. तिथे गावकरी प्रश्न विचारू शकत होते, पण जिल्ह्याचा स्वतःचा ट्रान्समीटर नव्हता.

त्या काळची टेप सापडली तर काय करावे?

सगळ्यात आधी, ती लावून पाहू नये. सत्तरच्या दशकातल्या टेपचा चिकट थर ओल शोषून सुटतो. पहिल्याच फेरीत तो यंत्राच्या हेडवर उतरतो आणि चित्र कायमचे जाते.

रिळावर मोकळी अर्धा इंची टेप आहे की पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेट, हे पाहावे. डबा, लेबल, हस्ताक्षर यांचे फोटो काढावेत. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. मास्क लावून ती टेप बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी. टेप चिकट असेल तर प्रयोगशाळेतल्या नियंत्रित भट्टीत ५० अंश सेल्सियसच्या आसपास आठेक तास तापवतात, तेवढाच वेळ थंड होऊ देतात आणि मग काही दिवसांतच नक्कल करतात, कारण हा गुण टिकत नाही. स्वयंपाकघरातला ओव्हन चालत नाही. त्याचे तापमान २० अंशांनी हेलकावते.

नक्कल करताना टाइम बेस करेक्टर हवाच. जुन्या यंत्राची गती डळमळती असते आणि आजचा डिजिटायझर असा सिग्नल सरळ नाकारतो किंवा फ्रेम गाळतो. ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड तसेच ठेवून पकडावे. संकोचन न करता १० बिटवर तासाला ९०-१०० जीबी लागतात. एफएफव्ही१ या दर्जा न घटवणाऱ्या संकोचनात त्याच्या निम्म्याहून कमी. हेड प्रत्येक टेपनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. नक्कल झाली तरी मूळ टेप टाकू नये: उभी ठेवावी, १८ ते २० अंशांत, आर्द्रता ३० ते ४० टक्के, लोखंडी कपाटाच्या त्या खणात जिथे स्पीकर किंवा मोटर जवळ नाही.